टॉम डाऊड : आठ ट्रॅक आणि एका खोलीत बसलेले वादक

मंद्रसप्तक

रे चार्ल्सचं 'व्हॉट्ड आय से', जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स', अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' आणि एरिक क्लॅप्टनचं 'लैला'. ऱ्हिदम अँड ब्लूज, जॅझ, सोल आणि रॉक असे चार वेगळे प्रांत आणि चौघंही आपापल्या प्रांतातले दिग्गज. पण या चारही ध्वनिमुद्रणांना एकाच ध्वनिमुद्रकाचा हात लागलेला आहे : टॉम डाऊड.

गेले काही महिने मी त्याच्या कामाचा माग काढत वेड्यासारखं ऐकतोय. त्यातून जे दिसलं ते इथे मांडतो. तुम्हीही भर घाला.

डाऊडचा जन्म 20 ऑक्टोबर 1925 चा, न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचा. आई ऑपेरा गायिका, वडील वाद्यवृंदातले आघाडीचे व्हायोलिनवादक. पोरगा पियानो, व्हायोलिन, ट्यूबा आणि डबल बास शिकला आणि त्याच वेळी भौतिकशास्त्राच्याही नादाला लागला. सोळाव्या वर्षी स्टायव्हसंट हायस्कूलमधून बाहेर पडला आणि कोलंबिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत कामाला लागला. दुसरं महायुद्ध चालू होतं. ती प्रयोगशाळा मॅनहॅटन प्रकल्पात, म्हणजे अणुबाँबच्या कामात सामील होती आणि विशीही न गाठलेला हा मुलगा तिथे सायक्लोट्रॉनवर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) काम करत होता. 1946 मध्ये बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या, त्या मोहिमेवरही तो होता.

युद्ध संपल्यावर पदवी पुरी करायचा त्याचा विचार होता. पण जे काम केलं ते गुप्त, त्यामुळे त्याचं श्रेय विद्यापीठात दाखवता येईना. शिवाय त्याला जे ठाऊक झालं होतं त्याच्या मागे अभ्यासक्रम रेंगाळत होता. त्यानं भौतिकशास्त्र सोडलं आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रणाचं काम धरलं.

अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी अहमत एर्टेगन आणि हर्ब अब्रॅमसन यांनी 1947 मध्ये काढली, 1953 मध्ये निर्माता जेरी वेक्सलर तिथे आला. पश्चिम 56 व्या रस्त्यावर त्यांची कचेरी होती आणि तीच स्टुडिओही होती. दिवसभर कारभार चालायचा, संध्याकाळी टेबलं भिंतीला सरकवायची, एकावर एक रचायची, खुर्च्या मांडायच्या, मायक्रोफोन लावायचे आणि ध्वनिमुद्रण सुरू. त्या खोलीत रे चार्ल्स गायलाय.

तेव्हा सगळं मोनो. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण डाऊडची पुढची सगळी धडपड इथून सुरू होते. मोनो म्हणजे गायक, ड्रम, बास, सॅक्सोफोन सगळ्यांचे आवाज त्या क्षणी एकत्र होऊन एकाच ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या एकाच पट्ट्यावर जातात. सॅक्सोफोनचा सोलो आला की त्याचा आवाज तिथल्या तिथे वर घ्यायचा, गायक परत आला की खाली आणायचा. चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं, दुरुस्तीची सोय नाही. म्हणजे मिक्सर (सगळ्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र करणारं यंत्र) हाताळणाराही त्या वादकांबरोबर एक प्रकारे वाजवतच असायचा. पुढे काय येणार हे त्याला आधी कळायला हवं. डाऊडला स्वरलिपी वाचता यायची, सुरावटीची बांधणी कळायची. त्याचं वेगळेपण मला आधी इथे दिसतं, यंत्रांचा भाग नंतरचा.

मग यंत्रं. अँपेक्स कंपनीनं आठ ट्रॅकचा टेपरेकॉर्डर बनवला, त्यातला पहिला 1957 मध्ये गिटारवादक लेस पॉलनं घेतला. किंमत दहा हजार डॉलर. डाऊडनं अटलांटिकच्या मालकांना गळ घातली आणि लगेच पुढच्या वर्षी तसा रेकॉर्डर त्यांच्या स्टुडिओत येऊन बसला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : बीटल्सचा 1967 चा 'सार्जंट पेपर' हा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला आणि आठ ट्रॅकवर ते 1968 मध्ये आले.

मिक्सरही त्यानं स्वतः घडवला. त्या वेळी आवाज कमीजास्त करायला मोठाले गोल नॉब असत. एका हातात एकच मावायचा, म्हणजे एका वेळी दोन वाद्यं सांभाळली की हात संपले. डाऊडनं त्याजागी वरखाली सरकणारे फेडर बसवले. आता दहा बोटं पियानोवर ठेवावीत तशी ठेवता येऊ लागली. आज कुठल्याही मिक्सरवर, मोबाइलमधल्या अॅपवरसुद्धा, आवाजाची पट्टी वरखाली सरकते. ते वळण रूढ करणाऱ्यांत हा माणूस अगदी आघाडीवर होता.

आता मुद्दा. आठ ट्रॅक म्हणजे प्रत्येकाला वेगळं करण्याची सोय : आज ड्रम वाजवा, उद्या गिटार, परवा गाणं. ही सोय एवढ्या लवकर आणणाऱ्या माणसाचं उत्तम काम काढून बघा. बहुतेक सगळं एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकत्र वाजवलेलं आहे. मला हा विरोधाभास वाटत नाही. एकत्र वाजवण्यातला जिवंतपणा हाताशी आला की तो पुढे बिघडू नये म्हणून त्याला ते आठ ट्रॅक हवे होते, असं माझं म्हणणं आहे.

कानसेन

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. साधन कशासाठी आणलं यापेक्षा त्याचं पुढे काय झालं हे बघायला हवं. आपल्याकडची जुनी चित्रपटगीतं घ्या. गायक, गायिका, साठ-सत्तर वादक सगळे एकत्र, आणि एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. त्या धाकामुळे प्रत्येक जण तयारीनं यायचा, कान उघडे ठेवून वाजवायचा. ट्रॅक वाढले तसतसे वादक एकमेकांना भेटेनासे झाले. युगुलगीतातले दोन गायकसुद्धा वेगवेगळ्या दिवशी येऊन गातात. डाऊडची प्रतिभा मान्य, पण ही वाट त्यानं रुंद केली हेही तितकंच खरं.

टेपरीळ

मी टेपवर काम केलेलं आहे, म्हणून तांत्रिक बाजू थोडी खुलवतो. त्या अँपेक्सचं महत्त्व नुसतं आठ या आकड्यात नाही. टेपरेकॉर्डरला मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड वेगळं असतं आणि त्यांच्यात थोडं अंतर असतं. समजा आधी ड्रम मुद्रित केलेत आणि आता ते ऐकत गिटार वाजवायची आहे. ऐकवणाऱ्या हेडवरून ऐकलं तर गिटार टेपवर ड्रमच्या मागे पडणार, कारण मुद्रण जिथे होतंय ती जागा वेगळी. अँपेक्सनं 'सेल-सिंक' नावाची युक्ती काढली : जुने ट्रॅक मुद्रणाच्याच हेडवरून ऐकवायचे. आवाज जरा बोदा येतो, पण वादकाला लय धरायला पुरेसा असतो, आणि नवं वाजवणं बरोबर जागच्या जागी बसतं. पुढचं सगळं ओव्हरडबिंग, म्हणजे आधीच्या मुद्रणाच्या जोडीला नंतर नवं वाजवणं, यावर उभं आहे.

कानसेन, तुमची खंत कळते. पण 'व्हॉट्ड आय से'चं उदाहरण बघा. 18 फेब्रुवारी 1959, अटलांटिकचा स्टुडिओ, आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. रे चार्ल्स, त्याचा वाद्यवृंद आणि साथीच्या गायिका, सगळे एकत्र. हे गाणं आधी कार्यक्रमात वेळ भरून काढायला त्यानं आयत्या वेळी रचलेलं. त्यामुळे त्यात हाका आहेत, प्रतिहाका आहेत, मध्येच थांबणं आणि पुन्हा उसळणं आहे. हे तुकड्यातुकड्यांत मुद्रित झालं असतं तर त्याचा प्राणच गेला असता. पण ते 45 आरपीएमच्या छोट्या तबकडीच्या एका बाजूला मावणारं नव्हतं. डाऊडनं टेप कापून, काही हाका वगळून, गाण्याचे दोन भाग केले आणि तबकडीच्या दोन बाजूंना एकेक घातला. पहिला भाग संपतो तिथे गाणं थांबल्यासारखं वाटतं, लोक ओरडतात आणि दुसऱ्या बाजूला परत सुरू होतं. कापायची जागा संगीत कळणाऱ्यानंच शोधावी.

लयवेल्हाळ

अगदी मनातला धागा. मी तबला वाजवतो आणि पाश्चात्त्य संगीत ऐकताना माझा कान आधी खालच्या सुरांकडे जातो. अटलांटिकच्या त्या काळातल्या रेकॉर्ड्समध्ये बास आणि बास ड्रम किती ठसठशीत येतात! त्याच सुमाराच्या दुसऱ्या अनेक रेकॉर्ड्समध्ये बास नुसता घुमतो, कुठला सूर वाजला तेही कळत नाही. यामागे डाऊडच का?

टेपरीळ

लयवेल्हाळ, बऱ्याच अंशी हो. तबकडीत खालचे सूर खोदताना खाच जास्त रुंद हेलकावे घेते. बास फार ठेवला तर शेजारच्या खाचा एकमेकींना भिडतात किंवा सुई उडी मारते. म्हणून बास बेतानं ठेवण्याकडे तबकडी खोदणाऱ्यांचा कल असे. डाऊड स्वतः डबल बास शिकलेला, त्याला तो हवाच होता, आणि खाचेत किती मावतं याचं गणितही त्याच्याकडे होतं. बासला वेगळा मायक्रोफोन देऊन तो नेटका पकडला की फार मोठा न ठेवताही त्याचा सूर कळतो. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज यांतला हा फरक तबल्याच्या डग्ग्याचं मुद्रण केलेल्या कुणालाही लगेच पटेल.

मंद्रसप्तक

टेपरीळ, फार सुंदर समजावलंत.

कानसेन, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायला मला दक्षिणेत जावं लागेल.

मेंफिसमधला स्टॅक्स स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक जुनं सिनेमागृह. खुर्च्या काढलेल्या, जमीन उतरतीच ठेवलेली. 1963 मध्ये त्यांचा रेकॉर्डर बिघडला, तेव्हा अटलांटिकनं डाऊडला धाडलं. त्यानं यंत्र दुरुस्त केलं आणि त्याच शनिवार-रविवारी गायक रूफस थॉमस तिथे आला, 'वॉकिंग द डॉग' मुद्रित झालं. डाऊडनं तिथे जे पाहिलं ते न्यूयॉर्कपेक्षा निराळं होतं. न्यूयॉर्कमध्ये संयोजक लिहून आणायचा, वादक वाचून वाजवायचे, युनियनच्या नियमानुसार वेळ मोजली जायची. स्टॅक्समध्ये कागदच नाही. कुणीतरी चाल गुणगुणायचं, बाकीचे त्यात शिरायचे, ब्रास विभाग आपले तुकडे तोंडानं म्हणून ठरवायचा. डाऊड न्यूयॉर्कला परतला तो हे डोक्यात घेऊनच. त्यानंतर अटलांटिकचे कलाकार दक्षिणेत जाऊन मुद्रण करू लागले.

जुलै 1965 मध्ये सोल गायक ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' याच सिनेमागृहात झाला. डाऊड खास त्यासाठी आला होता. जवळजवळ सगळा अल्बम एका दिवसरात्रीत झाला. मध्ये रात्री दहाला काम थांबवलं, कारण वादकांचे गावात रोजचे कार्यक्रम होते. ते वाजवून दोनच्या सुमाराला परतले आणि सकाळपर्यंत पुन्हा मुद्रण. ऐका तो अल्बम. एकाही सुरात थकवा नाही.

आता जानेवारी 1967. अरीथा फ्रँकलिन अटलांटिककडे नुकतीच आलेली. वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत घेऊन गेला, यंत्रावर डाऊड. ती पियानोवर बसली, स्थानिक वादक भोवती आणि 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' एकत्र वाजवत काही तासांत झालं. दुसरं गाणं 'डू राइट वूमन' अर्धवट असताना दिवस संपला. त्या दिवशी दारू पिऊन एक वादक आणि अरीथाचा नवरा यांच्यात बाचाबाची झाली, रात्री प्रकरण हातघाईवर आलं आणि पुढची सगळी सत्रं रद्द झाली. हाती राहिलं एक पूर्ण गाणं आणि एक अर्धं.

ते अर्धं गाणं न्यूयॉर्कला पुरं झालं. अलाबामात वाजवलेला ताल टेपवर होता, त्यावर अरीथानं पियानो आणि ऑर्गन वाजवला, गायली, बहिणींनी साथ केली. ऐकताना कुठेही सांधा जाणवत नाही. कानसेन, इथे ट्रॅक वेगळे नसते तर ते गाणं तिथेच संपलं असतं. त्यानंतर मसल शोल्सच्या त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं आणि 14 फेब्रुवारी 1967 ला 'रिस्पेक्ट' झालं, पुन्हा सगळ्यांनी एकत्र वाजवून. एकाच अल्बमवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत आणि कुठली कधी वापरायची हे माणसांकडे बघून ठरवलेलं आहे.

पोटमाळा

वाचतोय, फार छान चाललंय. बुकमार्क केला.

कानसेन

'डू राइट वूमन' काल रात्री हेडफोन लावून ऐकलं. तुमचं उदाहरण चोख आहे, मान्य. तरी माझा आक्षेप संपत नाही. डाऊडसारखा कान असलेल्या माणसाच्या हाती ही सोय वरदान ठरली, कारण निर्णय घेणं त्यानं टाळलं नाही. ज्यांना निर्णय टाळायचा असतो त्यांना हीच सोय टाळायला मदत करते. "नंतर मिक्समध्ये बघू" हे वाक्य मी स्टुडिओत इतक्या वेळा ऐकलंय की ते आलं की मला कळतं, आता कुणी नीट ऐकत नाहीये.

रविवारचीसंध्याकाळ

यावर रूडी व्हॅन गेल्डरची आठवण होते. ब्लू नोटच्या जॅझ रेकॉर्ड्सचा जो विशिष्ट आवाज आहे तो त्याचा. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. 1959 मध्ये इंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा उंच छताचा स्टुडिओ बांधला. पण त्याचा आवाज कुठेही ओळखू येतो. कोण वाजवतंय हे कळण्याआधी ही व्हॅन गेल्डरची खोली आहे हे कळतं. डाऊडचं तसं नाही. 'जायंट स्टेप्स' आणि 'ओटिस ब्लू' लागोपाठ लावा, दोन्हींमागे एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. मला ही त्याची मोठी ताकद वाटते, काहींना ती उणीव वाटेल.

आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस : अल श्मिट. न्यूयॉर्कच्या एपेक्स स्टुडिओत तो पोरसवदा असताना डाऊडकडून शिकला. पुढे त्याच्या नावावर वीसहून जास्त ग्रॅमी लागले. इक्वलायझरला (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या यंत्राला) हात लावायच्या आधी योग्य मायक्रोफोन निवडून योग्य जागी ठेवायचा, ही श्मिटची ख्याती होती.

लयवेल्हाळ

रॉकवाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! क्रीम आणि ऑलमन ब्रदर्स?

मंद्रसप्तक

लिहितो, तोच भाग राहिला होता.

मे 1967 मध्ये क्रीम हा इंग्लिश त्रिकुटाचा बँड 'डिझरायली गियर्स'साठी अटलांटिकच्या स्टुडिओत आला. व्हिसा संपत आलेला, हातात मोजके दिवस. तोवर डाऊडनं अनेक कसलेल्या जॅझवादकांचं मुद्रण केलेलं, आणि इथे तीन माणसं डोंगराएवढे मार्शल अँप्लिफायर लावून कान फाटेस्तोवर वाजवतायत. पाच दिवसांत अल्बम झाला.

1970 च्या ऑगस्टमध्ये तो मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोज या बँडबरोबर होता. ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचं कामही तेव्हा त्याच्याकडेच होतं. 26 ऑगस्टला ऑलमन ब्रदर्सचा मायामीत कार्यक्रम होता. डाऊड क्लॅप्टनच्या सगळ्या कंपूला घेऊन तिथे गेला. क्लॅप्टन समोर दिसल्यावर त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन वाजवता वाजवता थबकला, अशी कथा सांगतात. त्या रात्री दोघं स्टुडिओत आले आणि पहाटेपर्यंत एकमेकांना गिटारच्या जागा दाखवत बसले. 'लैला'तली ती उंच जाणारी स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) ड्वेनची. तीही छोट्या अँप्लिफायरवर वाजवलेली, कारण मोठा आवाज आणि भरीव आवाज एकच नव्हेत हे डाऊडला पक्कं ठाऊक होतं. गाण्याचा पियानोचा उत्तरार्ध काही आठवड्यांनी मुद्रित झाला आणि डाऊडनं तो पहिल्या भागाला जोडला.

मार्च 1971 मध्ये घाना देशातल्या एका मैफलीचं मुद्रण करून तो न्यूयॉर्कला उतरला आणि तिथल्याच फिलमोर ईस्ट या सभागृहात थेट ऑलमन ब्रदर्सच्या कार्यक्रमाच्या मुद्रणाला गेला. तिथे बघतो तर मंचावर सॅक्सोफोनवाले उभे. त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सूर जुळत नव्हते आणि त्यांचा आवाज बाकीच्यांच्या मायक्रोफोनमध्ये शिरत होता. पुढच्या खेळांत ते नकोत, असं त्यानं ड्वेनला स्पष्ट सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर रात्री सगळे अटलांटिकच्या स्टुडिओत जाऊन टेप ऐकायचे आणि उद्या काय पुन्हा वाजवायचं, काय झालेलं आहे, हे तिथे ठरायचं. कानसेन, "नंतर मिक्समध्ये बघू" याच्या नेमकं उलट!

कानसेन

हे मात्र शंभर टक्के पटलं. उद्या पुन्हा वाजवता येईल तोवरच ऐकून ठरवायचं, ही शिस्त असेल तर आठ काय, शंभर ट्रॅक द्या.

पोटमाळा

मला एकच विचारायचं आहे. या संगीताशी फारशी ओळख नसलेल्यानं डाऊडचं काम ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि नेमकं काय ऐकावं?

मंद्रसप्तक

पोटमाळा, अरीथाचा 1967 चा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' हा अल्बम आधी घ्या. पहिल्यांदा नुसतं गाणं ऐका. दुसऱ्यांदा गायिकेला सोडून फक्त बासच्या मागे जा. तिसऱ्यांदा साथीच्या गायिका कुठे उभ्या आहेत ते शोधा. मग 'ओटिस ब्लू', आणि नंतर 'जायंट स्टेप्स'. त्यात ड्रमवरच्या झांजांकडे लक्ष द्या, सॅक्सोफोन जोरात असतानाही त्या कुठेच बुजत नाहीत.

त्याच्यावर मार्क मूरमननं केलेला 'टॉम डाऊड अँड द लँग्वेज ऑफ म्युझिक' हा माहितीपट मिळाला तर अवश्य बघा. तो 2003 मध्ये लोकांसमोर आला. डाऊड त्याआधीच, 27 ऑक्टोबर 2002 ला, फ्लॉरिडात गेला. त्याच वर्षी त्याला ग्रॅमीचा ट्रस्टीज पुरस्कार मिळाला होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं मात्र 2012 पर्यंत वाट पाहायला लावली, याचं मला वाईट वाटतं. माहितीपटात एका जागी तो मिक्सरवर बसून 'लैला'चे ट्रॅक एकेक करून उघडतो. ड्वेनची गिटार एकटी, मग क्लॅप्टनची, मग दोन्ही एकत्र. टेपरीळ यांनी वर जे समजावलंय ते सगळं त्या काही मिनिटांत कानांनी कळतं.

टेपरीळ

त्या प्रसंगात त्याच्या बोटांकडे बघा. फेडर वर नेताना तो पुढच्या मात्रेच्या किंचित आधी हलवतो, कारण सूर उमटताना आवाज तिथे पोचलेला असायला हवा. मोनोच्या काळातली सवय आहे ती. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना एक पूर्ण गाणं ऑटोमेशन (फेडर आपोआप हलवणारी सोय) बंद ठेवून हातानं मिक्स करायला लावतो.

लयवेल्हाळ

टेपरीळ, त्यावर वेगळा धागा काढा ना. डग्ग्याच्या मायक्रोफोनबद्दलही त्यातच लिहा. माझे बरेच प्रश्न आहेत.